भिंतीपलीकडचे माग आणि माझी झोप

कुणी "तब्येत कशी आहे?" विचारलं की मी आधी झोपेचं सांगते. "काल छान झोप लागली." मग समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं. आपण आजाराचं विचारलं आणि ही बाई झोपेचं काय सांगत बसलीय, असं त्याला वाटतं. पण माझ्या आजारात झोप म्हणजे अर्धी तब्येत. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. म्हणून लिहायला बसले.

आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. ते मला नीट उच्चारता यायलाच बरेच दिवस गेले. कुणाला हे वाचून भीती वाटली तर वाटू दे. मलाही वाटली होती. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण शेवट चांगला आहे.

मी सोलापूरची, पूर्व भागातली. टॉवेलच्या एका व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर बिलं करते. नवरा प्रकाश गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, त्यामुळे लग्न झालं तरी मी तिला आत्याच म्हणते आणि ती मला अजून "पोरी" म्हणते. मुलगी मितू दुसरीत आहे. आणि आमच्या घराच्या एका भिंतीला लागून, तेलुगू वळणाचं मराठी बोलणाऱ्या नरसय्या अण्णांचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड, आत चादरीचे माग. सकाळपासून खडखड सुरू होते ती उशिरापर्यंत चालते.

माझं माहेरही अशाच गल्लीतलं. पाहुणे आले की पहिल्या दिवशी कानावर हात ठेवतात, "तुम्ही झोपता तरी कसं?" म्हणतात. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. उलट लाइट गेली, माग थांबले, की अख्खी गल्ली दचकून जागी होते. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

झोप आधी गेली

आवाज नंतर आले, झोप आधी गेली. मला वाटलं कामाचा ताण असेल. पडायचे, डोळे मिटायचे, सकाळी उठायचे, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटायचं नाही. डोकं जड व्हायचं. बिलं चुकायला लागली. मग एकेक गोष्ट टोचायला लागली. समोरची बाई खोकली तर ती मलाच खुणावतेय, रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तर तोही मलाच. प्रकाशला सांगितलं तर तो म्हणायचा, "अगं, सगळ्या जगाला तूच भेटलीस का?" तो थट्टेनं म्हणायचा आणि मला वाटायचं, हाही त्यांच्यातलाच.

आणि एक दिवस भिंतीपलीकडून माझं नाव ऐकू आलं. मागाच्या खडखडीत दोन माणसं बोलत होती. "बघ, आता भांडी घासतेय. बघ, आता घाबरली." अगदी स्पष्ट. तुम्ही हे वाचताय तेवढं स्पष्ट. लोकांना वाटतं हे भास धुरकट असतात. अजिबात नाही हो.

मी तरातरा अण्णांच्या दारात गेले आणि सगळ्या कारागिरांसमोर ओरडले, "तुमची माणसं माझं नाव घेतात! मला सगळं ऐकू येतं!" तोंडाला येईल ते बोलले. अण्णा वयानं माझ्या वडलांएवढे. ते नुसते हात जोडून उभे राहिले. "काय झालं बाई? आत ये, पाणी पी," एवढंच म्हणाले. आत्यानं मला दंडाला धरून घरी आणलं.

नातेवाइकांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी एका बाबाचा पत्ता दिला. आत्यानं सगळ्यांना एका वाक्यात गप्प केलं, "आमच्यात अंगारे-धुपारे चालत न्हाईत. डागदरकडं जाऊ." बाई शिकलेली नाही, पण या बाबतीत तिनं कुणाचं ऐकलं नाही. त्याबद्दल मी तिचे किती आभार मानू? पण डॉक्टरकडे जायच्या आतच वळसंगचा दिवस आला.

वळसंगच्या स्टॉपवर

त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत मितूला शाळेतून घेतलं आणि अक्कलकोटच्या एसटीत बसले. तिला वाचवायचं होतं. कुणापासून ते मलाही धड सांगता आलं नसतं. वळसंगला गाडी थांबली, तर "उतर, उतर" असं कुणीतरी म्हणालं, म्हणून उतरलो. ऊन मी म्हणत होतं. मितू रडत होती आणि मी तिचा हात सोडत नव्हते. नंतर पाहिलं तर तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते.

तिथं एक बाई पेरू विकत होती. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारी. तिनं मला काही विचारलं नाही. मितूला पेरू दिला, मला पाणी दिलं, पोरीच्या गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र बघितलं आणि त्यावरच्या नंबरवर फोन लावला. प्रकाश येईपर्यंत आम्हाला आपल्या पेरूच्या पाटीजवळ सावलीत बसवून ठेवलं. तिचं नाव विचारायचं राहिलंच. कधी तिकडून गेले की खिडकीतून शोधते.

त्या दिवसापासून मितू आत्याच्या खोलीत झोपायला लागली. आतून कडी लावून. हा निर्णय प्रकाशचा. त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मी भांडले नाही, कारण ते वळ मीही बघितले होते. पण ती कडी लागल्याचा आवाज, काय सांगू तुम्हाला, भिंतीपलीकडच्या आवाजांपेक्षा तो जास्त लागायचा.

दवाखाना

मनोविकाराच्या दवाखान्यात भरती झाले. वॉर्डातली दिनचर्या सोपी असते. चहा, गोळ्या, नाष्टा, गोळ्या, जेवण. सिस्टर म्हणायच्या, "तोंड उघडा, जीभ वर करा." शाळेत नखं तपासायचे तसं. शेजारच्या खाटेवरची बाई दिवसभर काही बोलायची नाही, पण स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी न विचारता माझ्या ताटात वाढायची. अशा माणसांनीच मला तिथं टिकवलं.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण घाई करत नव्हत्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा प्रकाश खुर्चीत एकदम मागे टेकला. मी विचारलं, "म्हणजे मी वेडी झाले का?"

"तुम्ही आजारी आहात," मॅडम म्हणाल्या. "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. आजूबाजूच्या एवढ्या गोष्टींतली कुठली महत्त्वाची, ते मेंदूला दाखवायचं काम त्याचं. तुमच्या मेंदूत काही ठिकाणी ते जास्त काम करतंय. त्यामुळे शेजारी कुणी खोकलं तरी मेंदू सांगतो, लक्ष दे, हे तुझ्यासाठीच आहे."

मला रडूच कोसळलं. समोरच्या बाईच्या खोकल्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं! कुणीतरी माझ्या डोक्यात डोकावून आल्यासारखं बोलत होतं, आणि तरी मला रागावत नव्हतं.

मग झोपेचं. "झोपेला थर असतात," मॅडम म्हणाल्या. "खालच्या थरातली झोप गाढ. मेंदू दिवसभराचा पसारा तिथं आवरतो. या आजारात बऱ्याच जणांची नेमकी ती झोप कमी पडते. आधी झोप बिघडते की आधी आजार, हे आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण दोन्ही एकमेकांना त्रास देतात, एवढं नक्की." जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारी डॉक्टर मला आवडली.

आणखी काही नाही ना, हे बघायला त्यांनी डोक्याला वायरी लावून झोपेची तपासणी करायला सांगितली. केस धुऊन या, तेल लावू नका, असं बजावलं होतं. संध्याकाळी आत्या डबा घेऊन आली आणि माझे कोरडे केस बघून तिचा जीव खालीवर झाला. "डोक्याची तपासनी आन् डोक्याला तेल न्हाय? कसं दिसतंय ते! डोकं शांत नगं का?" मी नको नको म्हणेपर्यंत अर्धी बाटली थापून झाली होती. वर घट्ट वेणी.

तपासणी करणाऱ्या दादानं एक वायर लावली, ती घसरली. दुसरी लावली, तीही घसरली. त्यानं बोटं नाकाशी नेली आणि आत्याकडं बघितलं. आत्या छताकडं बघायला लागली. शेवटी वॉर्डातल्या बाथरूममध्ये आत्यानंच माझं डोकं दोनदा शाम्पूनं धुतलं आणि बडबडत राहिली, "आमाला काय म्हाईत, वायरीला तेल चालत न्हाय." आजारपणातलं माझं पहिलं हसू ते. हसता हसता फेस डोळ्यात गेला.

तपासणीत दुसरा काही दोष निघाला नाही. झोप मात्र वरवरचीच निघाली. प्रकाश म्हणाला, "म्हणजे ही डोळे मिटून जागीच होती की!"

"तसंच समजा," मॅडम म्हणाल्या.

घरी सोडताना मी त्यांना एकच विचारलं. "मितू माझ्याजवळ कधी झोपणार?"

त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "आधी तुमची झोप बसू दे. गोळ्या नियमित होऊ देत. घरच्यांना तुमच्यात फरक दिसू दे. मग आपण सगळे बसून ठरवू."

म्हणजे झोप आली की मितू येणार. माझ्यासाठी सगळं त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं.

शांतता

घरी आले त्या दिवशी अण्णा दारात आले. पुन्हा हात जोडलेले. "भिंतीकडचे माग बंद ठेवलो बाई. तुला त्रास नको. तू आराम कर."

मला वर बघवेना. ज्या माणसाच्या दारात मी नाही नाही ते बोलले, त्यानं स्वतःचं काम थांबवलं होतं. तेही कुणी न सांगता.

दुपारी पडले. माझ्या आयुष्यात मी घरात इतकी शांतता ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत त्या दोघांतल्या एकाचा आवाज आला, "बघ, झोपायचं नाटक करतेय."

मी उठले, भिंतीला कान लावला. पलीकडे काही नाही. बाहेर जाऊन शेडचा त्या बाजूचा दरवाजा बघितला, तर कुलूप. कारागीर सगळे पार पलीकडच्या टोकाला, तिकडची खडखड इथवर पोचत नव्हती. मी कुलूप हातात धरून उभी होते आणि आवाज माझ्या मागून चालूच होता, "बघ, आता कुलूप बघतेय."

माग बंद, माणूस नाही, आणि आवाज आहेच. मी तिथंच पायरीवर बसले. शत्रू भिंतीपलीकडे असेल तर भांडता येतं. तो आपल्याच डोक्यात असेल तर जायचं कुठं? आत्या शोधत आली.

"काय झालं गं?"

"आत्या, अण्णांची मानसं नव्हती. माझ्याच डोक्यात हाय ते."

आत्या हळूच शेजारी बसली. गुडघे दुखतात तिचे, तरी बसली. बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आसू दे. डोक्यात हाय तर डोक्याचं औषध नीट घ्यायचं. एवढंच की."

तोपर्यंत मी गोळी घ्यायचे ती घरचे बघतात म्हणून. त्या दिवसापासून मी गोळी मागून घ्यायला लागले. अण्णांनी माग बंद केले नसते तर हे मला कधी कळलं असतं, कोण जाणे.

भीड

पण एक गंमत झाली. गंमत आज म्हणते. गोळ्यांनी हळूहळू आवाज दबायला लागले, खोकणाऱ्या बाया आपल्यापुरत्याच खोकायला लागल्या, पण गाढ झोप काही येईना. गोळीनं डोळे जड व्हायचे, हात-पाय जड व्हायचे, उशी लाळेनं ओली व्हायची, आणि आतून कान मात्र टक्क जागे. कशाची तरी वाट बघत. मी मॅडमना सांगितलं, त्यांनी गोळीची वेळ बदलली, मात्रा बदलली. एकदा त्यांनी विचारलं, "झोपताना खोलीत कसला आवाज येतो?"

"काहीच नाही. तेच तर!" मी म्हणाले आणि माझं मलाच कळलं.

मॅडमना हसू आलं. "मग शेजाऱ्यांना सांगा ना, माग चालू करा म्हणून."

सांगा ना! ज्यांना शिव्या दिल्या, ज्यांनी माझ्यासाठी माग थांबवले, त्यांच्या दारात परत जाऊन म्हणू, की आता चालू करा, मला झोप येत नाही? कुठल्या तोंडानं? आमच्याकडे भीड नावाची चीज आहे, तिच्यापुढं डोपामिन काहीच नाही.

प्रकाशनं उपाय काढले. पंखा फुल ठेवला. पंखा नुसता घूं घूं करायचा, त्याला खटका नाही. मग त्यानं मोबाइलवर मागाचा व्हिडिओ शोधला. डोळा लागतोय न लागतोय तोवर मध्येच टूथपेस्टची जाहिरात किंचाळायची. शेवटी मीच मोबाइल बंद केला. आणि आत्याच्या खोलीची कडी रोज लागतच होती.

ती दुपार

लग्नसराईच्या तोंडावर अण्णा पुन्हा दारात आले. चेहरा पडलेला. "माफ कर बाई. मोठं काम आलंय. थोडे दिवस भिंतीकडचे माग चालवायला लागतात."

आत्या एकदम पुढं झाली. "अवो अण्णा, पोरगी आत्ता कुटं जरा..."

मी आतून ओरडले, "चालवा, अण्णा! खुशाल चालवा!" इतक्या जोरात, की दोघंही घाबरले.

जेवण झालं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. भिंतीपलीकडे पहिला माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. खडखड, खडखड. मला वाटलं, जरा पाठ टेकावी.

त्यानंतरचं मला काही माहीत नाही.

डोळे उघडले तेव्हा आत्या माझ्या नाकाशी फोडलेला कांदा धरून बसली होती. प्रकाश ग्रीसच्या हातानं माझं मनगट धरून होता, गॅरेजमधून पळत आलेला. दारात अण्णा आणि त्यांच्यामागं दप्तर पाठीवर घेतलेली मितू. सगळ्यांची तोंडं पांढरी.

मी म्हणाले, "माग का बंद केले?"

"माग का बंद केले?" प्रकाश ओरडला. "अगं, हलवलं तरी उठंनास! आईनं हाका मारून मारून गल्ली गोळा केली. अण्णा घाबरून सगळे माग बंद करून आले!"

"मी झोपले होते," मी म्हणाले. "माग थांबले म्हणून जाग आली."

मग मी सगळं सांगून टाकलं. शांततेत झोप येत नाही ते, आणि भीड वाटली ते. अण्णांनी कपाळावर हात मारला. "एवढे दिवस मी तुझ्यासाठी माग बंद ठेवलो की बाई! आणि तुला मागच पाहिजे होता?" ते हसायला लागले आणि हसता हसता धोतराच्या टोकानं डोळे पुसायला लागले. मी उठून त्यांच्या पायाला हात लावला. "अण्णा, तुम्ही बंद केले म्हणून मला आजार कळला. आणि चालू केले म्हणून झोप आली. दोन्ही तुमचेच उपकार."

"उपकार काय," ते म्हणाले. "जातो, चालू करतो. तू झोप."

हे नीट वाचा

माझा आजार मागानं बरा झाला, असं कुणाला सांगू नका. मॅडमनीही मला दोनदा बजावलं. काम गोळ्यांनी केलं, हळूहळू. मागानं फक्त माझ्या कानांना धरायला काहीतरी दिलं. तुमच्या कानांना कदाचित शांतताच लागेल. ते शोधा, डॉक्टरांना सांगा, गोळीचा त्रास होत असेल तर तोही सांगा, पण आपल्या मनानं गोळी बंद करू नका. आणि घरच्यांना सांगते, आजारी माणसाला काय हवंय ते त्यालाच विचारा. आवाज अजून कधीमधी येतो. मी त्याला म्हणते, "बस तिकडं," आणि बिलं करत राहते.

झोप बसली. मॅडमनी आम्हा तिघांना बसवलं, प्रकाशला विचारलं, आत्याला विचारलं. मग एका संध्याकाळी आत्यानंच मितूची उशी उचलून माझ्या अंथरुणावर टाकली आणि आपल्या खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज आला नाही. मितू जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग पाठ करून, पण माझ्या पोटाला टेकून झोपली. मी जागं राहून तिला बघायचं ठरवलं होतं. पलीकडे माग चालू होते. कधी झोपले ते मला कळलंच नाही.

सकाळी चहाच्या वेळी मितू फुरंगटून आत्याच्या मांडीवर जाऊन बसली. "मी नाही झोपणार आईजवळ. आई लई घोरते! माग बंद झाले तरी घोरतच होती!"

प्रकाशच्या नाकातून चहा आला. आत्यानं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. "घोरू दे गं," ती म्हणाली. "लई दिवसांनी घोरतीया."

घोरणं म्हणजे गाढ झोप असं काही नसतं, हे मॅडमनी मला नंतर समजावलं. असेना का.

रात्री अंथरुणं घातली तेव्हा मितू आत्याच्या दारापर्यंत गेली, तिथं थोडी थांबली, आणि उशी कवटाळून माझ्याकडेच परत आली.

"आज हळू घोर," म्हणाली आणि माझा हात ओढून स्वतःच्या अंगावर घेतला.